शेपूट तोडलेलं कात्रण

पॉइंट क्लेअर, लुईझियाना
८ जून २००८, रविवार

फॅरल,

हे नाताळचं कार्ड नाही आणि कुणी गेलेलंही नाही. आधीच सांगून टाकते, कारण जूनमध्ये माझं अक्षर पाहून तू पाकीट घाईघाईनं फाडलं असशील. सगळे धडधाकट आहेत. पॉप चौऱ्याऐंशीचे झाले. मंगळवारी पत्ते खेळायला जातात आणि हरले की गुडघा दुखतो म्हणतात. कोळंबी यंदा बरी लागतेय, पण डिझेल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलंय. त्यामुळे तुझा मेव्हणा डडली बोट सोडताना देवाचं नाव घेतो आणि पंपावर उभा राहिला की भलतंच काहीतरी घेतो.

काम असं आहे. ऑगस्टमध्ये चर्चच्या हॉलमध्ये जाहीर सुनावणी आहे. समुद्राचे आणखी पट्टे तेलविहिरींसाठी खुले करावेत का, हे विचारायला वॉशिंग्टनहून माणसं येणार आहेत. इथे विचारायचं काय शिल्लक आहे? दर दुसऱ्या गाडीच्या मागे ‘इथेच खणा’चा स्टिकर आहे. फ्लोरिडावाल्यांना त्यांच्या किनाऱ्यावरून तेलाच्या रिग दिसायला नकोत, पण पेट्रोल मात्र हवं, यावर आपला सगळा गाव तावातावानं बोलतो.

मागच्या आठवड्यात रॉनी गिस्क्लेर आणि त्याचे समितीवाले ओसरीवर आले. टोप्या काढून बसले. पॉपना काकापुता करत म्हणाले, “नाँक ओव्हीद, समुद्रातल्या क्रेनवर काम केलेला तुमच्या वयाचा माणूस आता या खाडीकाठी, अख्ख्या बायूवर, दुसरा नाही. तुम्ही उभं राहून एवढंच म्हणा, की आपलं तेल आपण काढलं तर दुसऱ्याच्या दारात कटोरा घेऊन जायला नको.”

पॉप हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. कॉफी संपवली. सगळे गेल्यावर मला म्हणाले, “एनोला, त्या पोरानं पेपरात काय लिहिलं होतं? ते कात्रण काढ. पुन्हा वाच मला.”

‘ते पोर’ म्हणजे तू. नाव घेतलं नाही, पण दहा वर्षांत एवढंही बोलले नव्हते.

मी म्हटलं, कात्रण सापडत नाही, वादळात भिजून गेलं असेल. तेव्हा तूच सोप्या शब्दांत लिहून पाठव, की आपण समुद्रात खणलं तर परदेशी तेलावाचून आपलं भागेल की नाही. सोप्या म्हणजे पॉपना कळेल अशा. आकड्यांची खिचडी नको. बाकी नॉर्वेत तुझं बरं चाललं असेल. उन्हाळ्यात तिकडे रात्रीही उजेड असतो म्हणे, मग कोंबड्या झोपतात कधी?

तुझी बहीण,
एनोला


२९ जून २००८

फॅरल,

तुझं पत्र आठ दिवसांत आलं. टाइप केलेलं, चार पानी, आणि खाली ‘कळावे’ एवढंच. सोपं लिही म्हटलं तर एक तक्ता कमी टाकलास. असो. मी स्वयंपाकघरात बसून तीनदा वाचलं आणि जेवढं डोक्यात शिरलं तेवढं पॉपना सांगायचं ठरवलं.

आज चर्चमधल्या मासनंतर ओसरीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही उकडलेले खेकडे खायला बसलो. पॉपच्या हातात नांगी होती, म्हणजे माणूस खुशीत होता.

मी म्हटलं, “पॉप, फॅरल म्हणतो, जगातलं सगळं तेल एकाच तळ्यात जातं. आपण आपली घागर त्यात ओतली काय नि नाही ओतली काय, भाव ठरतो तो तळ्याचा.”

“कुठे आहे हे तळं?”

“तळं नाही हो. म्हणायचं म्हणून म्हटलंय.”

“म्हणजे तळंच नाही,” ते डडलीला म्हणाले. “कॉलेजात जाऊन हे शिकला.”

डडली सहसा यात पडत नाही. आज पडला. म्हणाला, “पॉप, मी उद्या शंभर पौंड कोळंबी जास्त आणली तर दुकानातली थायलंडची कोळंबी हटेल का?”

“तू? तुझं जाळं बघून कोळंबी हसते.”

“बरं, सगळ्या बायूनं आणली तर?”

पॉपची नांगी हातातच राहिली. “नाही हटणार,” म्हणाले.

“आणि आपल्या कोळंबीचा भाव कोण ठरवतं?”

“ती तिकडची तळी. जिथे ते पाळतात.” मग आमच्या दोघांकडे पाहून गुरगुरले, “बरं, बरं. आहे तळं.”

मला हसू आवरेना. तुझ्या चार पानांनी झालं नाही ते डडलीनं दोन मिनिटांत केलं, आणि तुला माहीतच आहे, डडली दहावी पास नाही.

पण म्हातारा तेवढ्यावर सोडणारा नाही. म्हणाले, “थोडं तरी कमी होईल की नाही? पाच घागरींत एक आपली असेल तर चारच बाहेरून आणाव्या लागतील.” तेव्हा मी तुझं दुसरं पान सांगितलं. होईल, थोडं होईल, पण आज पट्टा दिला तर पहिलं पिंप यायला सात ते दहा वर्षं, आणि पंपावर फरक पडला तर काही सेंटांचा. शिवाय देश दरवर्षी जास्त पितो ते वेगळंच. आणि तू राहतोस तो देश स्वतःला पुरून उरेल एवढं तेल काढतो, तरी तुला गाडीत गॅलनमागे दहा डॉलरच्या आसपास पडतात. हे ऐकून पॉप इतके खूश झाले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, “दहा डॉलर! आणि हा आम्हाला शहाणपण शिकवतो!”

मग हात पुसता पुसता विचारलं, “त्या पत्राचा शेवट काय होता गं?”

मी म्हटलं, “कुठल्या?”

“पेपरातल्या. तू वाचलंस तेव्हा ते मध्येच संपल्यासारखं वाटलं होतं मला. आईवर गेलाय तो. ती निरोप घ्यायची तेव्हा दारात अर्धा तास उभी राहायची. त्याचं पत्र असं पटकन कसं संपेल?”

मी खेकड्यांची कवचं गोळा करून आत निघून गेले. भांडी घासायची होती.

एनोला


१३ जुलै २००८

फॅरल,

आज अंजिरं उतरवली. झाड यंदा इतकं लगडलंय की पक्ष्यांनी खाऊनही दोन बादल्या उरली. मुरंब्याचे सोळा डबे झाले. स्वयंपाकघरात गोड वास भरलाय आणि मी उगाच आनंदात आहे. अशाच दिवशी ही गोष्ट लिहून टाकली तर टाकली जाईल, नाहीतर पुन्हा दहा वर्षं जातील.

कात्रण हरवलेलं नाही. ते माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. आधीच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

अठ्ठ्याण्णवचा तो आठवडा तुला आठवतो तो तुझ्या बाजूनं. माझ्या बाजूनं तो असा होता. तेल पिंपाला बारा डॉलरवर आलेलं. सोमवारी डडलीला रिगवरून घरी पाठवलं, सामानाच्या पिशवीसकट, आणि परत येऊ नकोस म्हणून सांगितलं. गुरुवारी पेपरात तुझं पत्र आलं, खाली तुझी पदवी आणि ह्यूस्टनचा पत्ता. ‘कितीही विहिरी खणल्या तरी आपण परदेशी तेलापासून सुटणार नाही.’ मी ते वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझ्या कॉलेजची फी जात होती तेव्हा मी कोळंबी सोलायच्या कारखान्यात उभी होते. आपल्या घरात एकाच मुलाला शिकवण्याइतकं होतं आणि ते तुला मिळालं. तेव्हा मी कुणाला काही बोलले नाही. पण मनात होतं, फॅरल. पुष्कळ होतं.

संध्याकाळी पॉप पेपर घेऊन आले. “पोराचं नाव छापलंय म्हणे. वाच.” तुला माहीत आहे, त्यांना शाळेत घरची फ्रेंच बोलले म्हणून गुडघ्यांवर बसवलं आणि ते तिसऱ्या दिवशी शाळेतून पळाले ते कायमचे. इंग्रजी कानाला कळतं, पण कागदावरचं जे काही त्यांच्यापर्यंत पोचतं ते माझ्या तोंडून. बिल, औषधाची बाटली, सरकारी पत्र, सगळं. चाळीस वर्षं मी काय वाचते यावर त्यांनी कधी शंका घेतली नाही.

मी वाचलं. एकेक वाक्य फ्रेंचमध्ये सांगत गेले, आणि शेवटचा परिच्छेद आला तेव्हा पेपर घडी करून ठेवला. म्हटलं, “झालं. एवढंच.”

तो परिच्छेद मला पाठ आहे, दर रविवारी माझ्या मांडीवर असतो. ‘माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं समुद्रातल्या क्रेनवर काढली. तेलाबद्दल मला जे कळतं ते त्यांच्या हाताला धरून कळायला लागलं. या माणसांचं काम वाया गेलं असं कुणी म्हणत असेल तर ते मी म्हणत नाही. त्यांनी देशाला स्वतंत्र केलं नसेल, पण आम्हाला माणसात आणलं.’

पॉप रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तुला फोन केला आणि ज्या ताटात जेवलास त्यातच थुंकलास, असं काहीसं म्हणाले. मी शेजारीच उभी होते. तुला वाटलं असणार, सगळं वाचूनही म्हातारा असं बोलतो. त्यांना वाटलं, मुलाच्या लेखी आपली एकतीस वर्षं शून्य. आईच्या अंत्यविधीला तुम्ही दोघांनी हात मिळवले ते विमा एजंटांसारखे. मी ते पाहिलं आणि तरीही बोलले नाही, कारण तोवर बोलायची हिंमत आणखी आटली होती.

माफ कर असं लिहिलं तर ते फार सोपं दिसतं. तरी लिहिते. मला माफ कर.

पॉपना सांगू का? तू सांग. सुनावणीला तीन आठवडे आहेत आणि ते रोज विचारताहेत.

एनोला


३ ऑगस्ट २००८

फॅरल,

तुझं उत्तर मिळालं. ‘मला फार राग आलाय म्हणून जास्त लिहीत नाही. वाचून दाखव.’ या वेळी हातानं लिहिलं होतंस, आणि अक्षर अजून तसंच, कोंबडीच्या पायांचं.

मी वाचून दाखवलं.

सकाळी कॉफीच्या वेळी पुस्तकातून कात्रण काढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, “हे हरवलं नव्हतं, पॉप. आणि तेव्हा मी पूर्ण वाचलंही नव्हतं.” पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. शेवटचा परिच्छेद झाल्यावर म्हणाले, “पुन्हा.” तीनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा मला रडू फुटलं तर म्हणाले, “रडायचं नंतर. आधी नीट वाच.”

मग टोपी घातली, कात्रण खिशात घातलं आणि काठी टेकत फादर त्रानकडे गेले. त्यांच्याकडून वाचून घेतलं, मी खरं वाचलं की नाही ते पडताळायला. बापानं मुलीचं वाचणं पाद्र्याकडून तपासून घ्यावं! माझ्या कानाखाली मारली असती तर परवडलं असतं. पण बोलू कुठल्या तोंडानं?

तीन दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही. डबाबंद सार्डिन आणि बिस्किटं. डडली मध्ये पडायला गेला तर त्याला म्हणाले, “तू गप्प बस. तुझ्या नोकरीच्या रागात माझा मुलगा गेला.” डडली मागच्या दारानं होडी धुवायला गेला. होडी स्वच्छच होती.

चौथ्या दिवशी मी कोळंबीचा दाट रस्सा, आपला गंबो, केला. त्यांनी झाकण उघडून पाहिलं, वाढून घेतला. म्हणाले, “मीठ कमी आहे.” मीठ कमी नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी मुकाट्यानं मिठाची बरणी पुढे सरकवली.

जेवण झाल्यावर म्हणाले, “रॉनीला सांग, मी बोलेन. फ्रेंचमध्ये बोलेन. तू शेजारी उभी राहून इंग्रजीत सांगायचंस.”

मी म्हटलं, “फादर त्रान सांगतील की. त्यांना दोन्ही येतात.”

“नाही,” म्हणाले. “तूच.”

काय बोलणार ते सांगत नाहीत. मी दोनदा विचारलं. मला आता त्या दिवसाची भीती वाटते, फॅरल, आणि खरं सांगू का, दहा वर्षांत इतकं हलकंही वाटलं नव्हतं.

एनोला


११ ऑगस्ट २००८

फॅरल,

सुनावणी गुरुवारी झाली. जसं घडलं तसं लिहिते.

हॉल गच्च होता. वॉशिंग्टनची तीन माणसं टेबलामागे, कोट घालून, घामानं निथळत. प्रत्येकाला तीन मिनिटं. रॉनीनं पॉपना पहिलं ठेवलं होतं. पॉपनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, बटणं गळ्यापर्यंत. एक वाक्य बोलायचे, थांबायचे, मी इंग्रजीत सांगायचे.

“मी ओव्हीद लिरेत. जिथून जमीन दिसत नाही तिथे एकतीस वर्षं क्रेन चालवली.” टाळ्या.

“खणायचं तर खणा. माझी हरकत नाही. माझ्या घराचं छप्पर, या पोरीचे दात, मुलाचं कॉलेज, सगळं त्या तेलातून आलं.” आणखी टाळ्या. रॉनीनं शिट्टी मारली.

“पण पोरांशी खोटं बोलू नका. मी क्रेनवर चढलो तेव्हा परदेशी टँकर वर्षातून एखादा दिसायचा. उतरलो तेव्हा आमच्याच समोर रांग लावून उभे असायचे. आम्ही जेवढं काढलं त्याहून जास्त देश प्यायला. आमचं तेल नि त्यांचं तेल किनाऱ्यावर एकत्रच व्हायचं. पोरांना रिगवर पाठवताना सांगा, हा पगार आहे. पगार चांगली गोष्ट आहे. त्याला देशाची सुटका म्हणू नका. नाहीतर पुढे कुणी हिशेब मांडला की त्यांना वाटेल, आपण जन्मभर उगाच राबलो. मला वाटलं होतं.”

आता टाळ्या नव्हत्या. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. रॉनी बुटांकडे पाहत होता.

“हे माझं डोकं नाही. हे माझ्या मुलानं, फॅरलनं, दहा वर्षांपूर्वी पेपरात लिहिलं होतं.”

तुझं नाव, फॅरल! त्यांच्या तोंडून, माइकवर. ते इंग्रजीत सांगताना मी जवळजवळ ओरडलेच.

मग ते म्हणाले, “त्या पत्रासाठी मी त्याला घराचं दार बंद केलं. कारण मला वाचता येत नाही, आणि माझ्या मुलीनं ते पत्र शेपूट तोडून मला वाचलं.”

हॉलमधली सगळी पांढरी डोकी एकदम माझ्याकडे वळली. त्यांना मूळ फ्रेंचच कळलं होतं. तरुण मंडळी मी काय सांगते याची वाट पाहत होती. टेबलामागचा पोरगेला साहेब म्हणाला, “मॅडम?”

पॉप माझ्याकडे न पाहता हळूच, लहानपणी लाडानं हाक मारायचे तसं म्हणाले, “सांग, शा.”

दुभाष्यासारखं सांगता आलं असतं, ‘यांच्या मुलीनं पत्राचा शेवट वाचला नाही.’ साहेबांना कुठे माहीत होतं ती मुलगी कोण. तोंड उघडेपर्यंत मीही तसंच सांगणार होते. पण तोंडून निघालं ते असं, “मी त्यांची मुलगी. मी पत्राचा शेवट वाचला नाही. मत्सरापोटी. त्यात माझ्या भावानं आमच्या वडिलांच्या कामाला मान दिला होता, आणि मी तो वडिलांपर्यंत पोचू दिला नाही.”

हे मूळ वाक्यापेक्षा जास्त होतं. पॉपना इंग्रजी कानानं कळतं. त्यांनी माझ्या कोपराला धरलं आणि बोलणं होईपर्यंत सोडलं नाही.

मग त्यांनी तुझा परिच्छेद म्हटला. तोंडपाठ, फ्रेंचमध्ये. मी इंग्रजीत म्हटला, मलाही पाठच होता. तीन मिनिटं कधीच संपली होती, पण कुणी घंटा वाजवली नाही.

शेवटी साहेबानं कागदाकडे पाहत विचारलं, “नोंदीसाठी सांगा, मिस्टर लिरेत बाजूनं आहेत की विरोधात?”

पॉप हसले. म्हणाले, “त्याला सांग, मी बाजू घ्यायला आलो नव्हतो. माझ्या मुलाचं बोलणं अर्धं राहिलं होतं, ते पुरं करायला आलो होतो.”

बाहेर आल्यावर रॉनी म्हणाला, “नाँक ओव्हीद, तुम्ही माझा पार निकाल लावलात.” पॉप म्हणाले, “मंगळवारी पत्त्यांत लावतो तसाच.” काही लोक न बोलता निघून गेले, त्यांचं त्यांच्यापाशी. डडलीनं ट्रकचं दार उघडलं आणि आम्ही तिघं पुढच्या बाकावर दाटीवाटीनं बसून घरी आलो. मला अंजिराचा मुरंबा खाल्ल्यासारखं सुख वाटत होतं.

आता पॉप टेबलापाशी समोर बसलेत. खालचं त्यांचं आहे, त्यांनी सांगितलं तसं:

“फॅरल, मी चुकलो. पत्र अर्धं होतं तेव्हा उरलेलं तुला विचारायला हवं होतं. फोन हातात होता, पण मी ओरडण्यासाठी वापरला. पांढऱ्या कोळंबीचा हंगाम सुरू होतोय. जमलं तर ये. नाही जमलं तर मी येतो. एकतीस वर्षं हेलिकॉप्टरनं कामावर गेलोय, नॉर्वे काय मोठंसं लागून गेलंय. एनोलावर रागावू नकोस, माझं रागावून झालंय. तुझा बाप, ओव्हीद.”

लिहून झाल्यावर मी विचारलं, “पॉप, फादर त्रानकडून तपासून आणू?”

ते उठून टोपी शोधायला लागले. म्हटलं, पुन्हा निघाले चर्चकडे. टोपी घातली, काठी घेतली आणि पत्राकडे बोट दाखवून म्हणाले, “तपासायचं काय त्यात? पाकीट बंद कर. टपाल जायच्या आत पोस्टात टाकून येतो.”